साठ-साठ युनिटांची सात बिलं : वागळे इस्टेटमधल्या एका घराच्या वीजबिलाचं प्रकरण

१८ मार्च २०२५, मंगळवार. सकाळी साडेअकराला मावशींचा फोन आला. "ताई, कटिंगला वायरमन आलाय. घरी सूनबाई एकटी आहे, मी कामावर. ती रडतेय फोनवर."

मी ठाण्यात लोकमान्य नगरात संध्याकाळची अभ्यासिका चालवते. मुलांबरोबर त्यांच्या आयांचे कागदही येतात: रेशनकार्ड, शाळेचा दाखला, बँकेचं पत्र. मार्चमध्ये वीजबिलं जास्त येतात, कारण वसुलीचा महिना असतो. बिल घेऊन येणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, "ताई, गरिबांसाठी वीजबिलाची काही योजना आहे का?" या घराच्या निमित्ताने मला त्या प्रश्नाचं उत्तर मुळापासून शोधावं लागलं. म्हणून हे प्रकरण आकड्यांसकट लिहून ठेवते आहे. मावशींची परवानगी घेतली आहे. नाव आणि चाळ सांगत नाही.

घर

डोंगराच्या बाजूची चाळ, दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा. मावशी ५२ वर्षांच्या, मूळच्या पाटण तालुक्यातल्या. वसंत विहारात दोन घरी पोळ्या-भाजी करतात. नवरा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होता. ही वसाहत औद्योगिक विकास महामंडळाच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी, साठच्या दशकातली. इथल्या चाळी उभ्या राहिल्या त्या तिथल्या कामगारांमुळेच. कारखाना बंद पडल्यावर ते मिळेल ते काम करत राहिले आणि २०२१ मध्ये गेले. वीजमीटर आजही त्यांच्याच नावावर आहे.

घरात २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत दोघीच होत्या, मावशी आणि धाकटी मुलगी. दोन पंखे, तीन एलईडी बल्ब, जुना फ्रीज. मुलगी दिवसभर कॉलेजात, आई कामावर. महिन्याला ५५ ते ६५ युनिट जायचे. जून २०२४ अखेरीस मुलाचं पुण्यातलं काम सुटलं आणि तो बायकोला घेऊन घरी आला. इथे त्याला सामान पोचवण्याचं काम मिळालं. सून दिवसभर घरात, म्हणजे पंखा दिवसभर चालू. माणसं दोनाची चार झाली. मार्चमध्ये सुनेला आठवा महिना लागला होता.

मावशींचा पगार ११,००० रुपये. मुलाचे पैसे कधी येतात, कधी नाही.

वायरमनशी बोलणं

मी सुनेला सांगितलं, फोन त्यांच्या हातात दे. वायरमन भला माणूस होता. "मॅडम, यादीत नाव आहे. ६,८१० रुपये थकीत. आज भरले नाहीत तर मला जोडणी तोडावी लागेल." मी विचारलं, "दादा, नोटीस कुठल्या तारखेची?" बिलांच्या गठ्ठ्यात नोटिशीचा कागद होता. सुनेने वाचून दाखवला: तारीख ७ मार्च, रक्कम १,१३० रुपये.

विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी लेखी नोटीस देऊन पूर्ण १५ दिवस जाऊ द्यावे लागतात. ७ मार्चची नोटीस, आज १८. शिवाय नोटीस होती डिसेंबर-जानेवारीच्या १,१३० रुपयांची. उरलेले ५,६८० रुपये फेब्रुवारीच्या बिलाचे आणि त्या बिलाची शेवटची तारीख २५ मार्च, म्हणजे ते अजून थकलेलंच नव्हतं. मी हे शांतपणे सांगितलं. ते म्हणाले, "मला एवढं बघायला कुठे वेळ असतो मॅडम, यादी येते. तुम्ही उद्या ऑफिसात जाऊन या. मी आज सोडतो." त्यांना दिवसभरात अशी बरीच घरं करायची होती, ती यादी त्यांनी केलेली नव्हती. त्यांचे आभार मानून फोन ठेवला.

मावशी दोन बिलं भरायच्या का थांबल्या?

संध्याकाळी मावशी गठ्ठा घेऊन आल्या. बिल चुकवणाऱ्या बाई या नव्हेत. नोव्हेंबरपर्यंतच्या प्रत्येक बिलाची पावती टाचणी लावून ठेवलेली. मग डिसेंबरपासून काय झालं?

झालं असं की चाळीत कुणीतरी सांगितलं, अभय योजना चालू आहे, थकबाकी माफ होते, आत्ता भरू नका. योजना खरंच चालू होती. १ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली, मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०२५ पर्यंत आली. पण ती ज्यांची वीज ३१ मार्च २०२४ पूर्वी कायमची तुटली आहे अशा ग्राहकांसाठी होती. त्यांना व्याज आणि विलंब आकार पूर्ण माफ. मूळ रक्कम मात्र भरायचीच: एकरकमी भरली तर घरासारख्या लघुदाब ग्राहकाला त्यात १० टक्के सूट, नाहीतर ३० टक्के आधी भरून बाकीचे सहा हप्ते, बिनव्याजी. त्याच चाळीत मागच्या बाजूच्या एका बंद खोलीच्या मालकाला याचा चांगला उपयोग झाला. ज्यांच्या घरात वीज चालू आहे त्यांना या योजनेतून एक रुपयाही मिळणार नव्हता. मावशींना मिळाला तो १.२५ टक्क्यांचा विलंब आकार आणि कटिंगच्या यादीत नाव.

मला याची फार हळहळ वाटते. माफीची बातमी चाळीत पोचते आणि ती कुणासाठी आहे ही ओळ वाटेत गळून जाते.

मग मावशींनी पिशवीतून रेशनकार्ड काढलं. पिवळं. "हे दाखवलं तर बिल कमी होईल ना? दारिद्र्यरेषेचं आहे." हाही गैरसमज मी वर्षानुवर्षं ऐकते, आणि त्यात लोकांची चूक नाही, कारण दरपत्रकात खरोखरच 'दारिद्र्यरेषेखालील' नावाचा वर्ग आहे आणि त्याचा दर अगदी कमी आहे. पण त्या वर्गाला रेशनकार्डाशी देणंघेणं नाही. त्याच्या अटी दोन: मंजूर भार ०.१ किलोवॅटपर्यंत, आणि मागच्या आर्थिक वर्षातला वापर ३६० युनिटांच्या आत, म्हणजे महिन्याला ३०. शंभर वॅटमध्ये काय बसतं? जुना पंखा ७५ वॅट, नऊ-नऊ वॅटचे दोन बल्ब, संपलं. फ्रीज असलेलं शहरातलं घर त्यात बसणं जवळपास अशक्य. आणि एकदा वर्षाचे ३६० युनिट ओलांडले की पुन्हा त्या वर्गात परत येता येत नाही, पुढे वापर कितीही कमी केला तरी.

"गावाला दिराच्या पंपाचं बिल शून्य येतं, ते कसं?" हा मावशींचा पुढचा प्रश्न. तेही खरं आहे. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत सरकार भरतं. ती शेतीपंपापुरती आहे. छतावरच्या सौर पॅनेलसाठी केंद्राची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, एका किलोवॅटला ३०,००० आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान. पण मावशींच्या डोक्यावर दुसऱ्याची खोली आहे, छत त्यांचं नाहीच. दिल्लीत २०१९ पासून घरांना महिन्याला २०० युनिटांपर्यंत मोफत आहे, कर्नाटकातही २०२३ पासून २०० युनिटांपर्यंतची योजना आहे. मावशींसारख्या घराच्या हाती लागेल असं काही आपल्याकडे मला सापडलं नाही.

तेव्हा योजनांचा शोध सोडला आणि बिलंच नीट वाचायला घेतली.

बिलावरचा फोटो

फेब्रुवारीचं बिल ४२० युनिटांचं. दोन पंखे आणि एका फ्रीजचं घर एका महिन्यात ४२० युनिट जाळणार नाही. पहिला संशय आला मीटरवर. मुलाला म्हटलं, मीटरचा फोटो काढून पाठव. त्याने पाठवला. रीडिंग ८,२१९. फेब्रुवारीच्या बिलावरचं रीडिंग ८,१५६. अठरा दिवसांत ६३ युनिट, दिवसाला साडेतीन. मीटर धडधाकट होता.

मग मागची बिलं तारखेप्रमाणे सतरंजीवर मांडली. जून २०२४ चं रीडिंग ७,३१६. जुलै ७,३७६. ऑगस्ट ७,४३६. सप्टेंबर ७,४९६. मावशींची मुलगी वाचत होती, मी लिहून घेत होते. ऑक्टोबरपाशी ती थांबली. "ताई, दर महिन्याला साठच." जानेवारीपर्यंत तेच, ७,७३६. सात महिने, प्रत्येक महिन्यात बरोबर ६०. दिवाळीतही ६०, घरात दोन माणसं वाढल्यावरही ६०.

बिलावर मीटरचा फोटो छापलेला असतो. आम्ही तो कधी पाहत नाही, काळा डाग म्हणून सोडून देतो. जूनच्या फोटोत मीटरचे आकडे दिसतात. जुलैपासून पुढच्या सातही फोटोंत मीटर नाहीच. लोखंडी जाळी आहे.

तेव्हा सगळा उलगडा झाला. चाळीच्या बोळाच्या टोकाला पाच मीटर एका फळीवर आहेत. जुलैच्या सुरुवातीला शेजारच्या काकांची सिलेंडरची टाकी बोळातून चोरीला गेली, म्हणून त्यांनी बोळाच्या त्या भागाला ग्रिल आणि कुलूप लावलं. रीडिंगवाला मुलगा यायचा तेव्हा काका कामावर. अशा वेळी यंत्रात 'लॉक' अशी नोंद करायची असते. तशी केली की बिल सरासरीने निघतं, आणि पुढे खरं रीडिंग मिळालं की संगणक साठलेले युनिट तितक्या महिन्यांत वाटून देतो. इथे 'लॉक' लिहिलं गेलं नाही. मागच्या वापराच्या अंदाजाने साठ-साठ वाढवून आकडा भरला गेला. संगणकाला ती खरी रीडिंगं वाटली. फेब्रुवारीच्या शेवटी काकांनी ग्रिलला रंग दिला, दोन दिवस ते उघडं होतं, त्याच वेळी खरं रीडिंग घेतलं गेलं: ८,१५६. संगणकाने मागचा आकडा ७,७३६ वजा केला आणि आठ महिन्यांची साठलेली वीज एकट्या फेब्रुवारीच्या नावावर टाकली.

तो मुलगा कंत्राटावर आहे, मीटरमागे पैसे मिळतात. बंद ग्रिलसमोर उभं राहून त्याने काय करायला हवं होतं हे त्याला कुणी नीट शिकवलं होतं का, मला शंका आहे. पण त्याने भरलेल्या त्या साठच्या आकड्याने एका घराचे २,४०५ रुपये जास्तीचे लावले. ते कसे, ते सांगते.

हिशेब

घरगुती विजेचा दर टप्प्यांचा आहे. विद्युत नियामक आयोगाने ठरवलेला २०२४-२५ चा वीज आकार असा: पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० ला १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० ला १४ रुपये ५५ पैसे. याशिवाय प्रत्येक युनिटला १ रुपया १७ पैसे वहन आकार, महिन्याचा स्थिर आकार, आणि वर १६ टक्के वीज शुल्क. शंभराची रेघ ओलांडली की युनिटची किंमत जवळपास दुप्पट होते. वहन आकार आणि शुल्क धरून शंभरच्या आतलं युनिट ६ रुपये ८२ पैशांना पडायचं, पलीकडचं १३ रुपये २९ पैशांना.

आता एका महिन्यात ४२० युनिट धरले तर पहिल्या शंभराचे ४७१, पुढच्या दोनशेचे २,०५८, उरलेल्या १२० चे १,७४६. वीज आकार ४,२७५ रुपये.

बरोबर रीत अशी: जून अखेर ते फेब्रुवारी अखेर ८,१५६ वजा ७,३१६, एकूण ८४० युनिट, आठ महिने, महिन्याला १०५. एका महिन्याचा वीज आकार ५२२ रुपये ४५ पैसे, आठ महिन्यांचा ४,१७९ रुपये ६० पैसे. सात महिन्यांच्या साठ-साठ युनिटांचे १,९७८ रुपये २० पैसे आधीच लावून झालेले. ते वजा केले की उरतात २,२०१ रुपये ४० पैसे. दोन्हींतला फरक २,०७३ रुपये ६० पैसे, आणि १६ टक्के शुल्क मिळवून २,४०५ रुपये. वहन आकारात फरक पडत नाही, युनिट तेवढेच आहेत.

हे मी वहीच्या एका पानावर मांडलं. मावशींनी दोनदा ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे वीज मी वापरलीच आहे. फक्त ती एकदम वापरली असं त्यांना वाटलं." इतक्या नेमक्या शब्दांत मलाही सांगता आलं नसतं. आणि हेही खरं की खोटं रीडिंग नसतं तरी पैसे वाढलेच असते. दर महिन्याचं बिल ५५८ च्या आसपास येत होतं ते साधारण ८९७ यायला हवं होतं. मावशींना आठ महिने कळलंच नाही की घरातली वीज वाढली आहे. कळलं असतं तर सप्टेंबरातच पंख्याचा विचार झाला असता.

कार्यालयात

बुधवारी सकाळी मावशींनी एका घरी सुट्टी मागितली, दुसऱ्या घरच्या वहिनींकडून १,२०० रुपये उचल घेतली. आधी १,१३० भरले. त्या पैशांबद्दल वाद नव्हता, आणि ते भरल्यावर नोटीसच निकाली निघाली. हा क्रम मी मुद्दाम सांगते: जे देणं कबूल आहे ते भरून मग वादाच्या रकमेबद्दल बोललं की समोरचा ऐकतो.

पहिल्या खिडकीवर उत्तर मिळालं, "आधी पूर्ण भरा, मग बघू." इथे बहुतेक लोक परत फिरतात. आम्ही अर्ज लिहूनच नेला होता. त्यात रीडिंगचा तक्ता, आठ बिलांच्या झेरॉक्स, आदल्या दिवशीचा मीटरचा फोटो, आणि शेवटी दोन ओळी: बिल वादात असून कलम ५६(१) च्या तरतुदीप्रमाणे, निषेध नोंदवून मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम भरण्यास आम्ही तयार आहोत. हे कलम फार कमी लोकांना माहीत आहे. बिल चुकीचं वाटत असेल तर मागितलेली रक्कम किंवा सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली कमी असेल ती निषेध नोंदवून भरता येते, आणि वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. मावशींची सरासरी ५५८ रुपये होती. आवक विभागात अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. पोच हातात असली की पुढच्या खिडकीवर आपलं म्हणणं तोंडी राहत नाही.

बिलिंगच्या मॅडमनी अर्ज वाचला. फोटोंपाशी आल्यावर चष्मा लावून प्रत्येक बिल पाहिलं. त्यांनी कुणाला फोन केला आणि मग आम्हाला म्हणाल्या, "बी-८० करावी लागेल. आधी जागेवर तपासणी होईल." बी-८० म्हणजे बिल दुरुस्तीचा कागद. शुक्रवारी तपासणीला माणूस आला, मीटर पाहिला, आकडा लिहून नेला. सोमवारी, २४ मार्चला, दुरुस्त बिल हातात पडलं. १,१३० भरल्यानंतर ५,६८० उरले होते, ते ३,२७५ झाले. पाडव्याच्या आधी आठवडाभर.

तिथे काम झालं नसतं तर पुढे ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच होता, आणि त्याच्या वर विद्युत लोकपाल. दोन्ही याच कायद्यातले, कलम ४२ मधले. त्याची गरज पडली नाही. मॅडमनी निघताना मावशींना विचारलं, "हप्ते पाहिजेत का?" आम्ही ते मागायलाच विसरलो होतो. १,२७५ लगेच आणि हजाराचे दोन हप्ते, चालू बिलासोबत.

हे ३,२७५ रुपये आले कुठून? मावशींना जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० मिळतात. तेच. या घराला मिळालेली वीजबिलाची सरकारी मदत म्हणायची तर ती हीच, जरी योजनेच्या कागदात विजेचा शब्दही नाही. त्या पैशांतून सुनेच्या बाळंतपणाची तयारी व्हायची होती, ती मागे पडली. मावशी यावर काही बोलल्या नाहीत. मीच लिहून ठेवते.

ग्रिल आणि किल्ली

बिल दुरुस्त झालं तरी ग्रिल जागेवरच होतं. मावशी रागात होत्या, "त्यांच्या कुलपापायी माझे हाल झाले." काकांशी बोलायला मी आणि मावशींचा मुलगा गेलो. काका म्हणाले, "पोरी, माझी टाकी गेली तेव्हा कोण आलं होतं? कुलूप मी काढणार नाही." त्यांचंही खरंच होतं. मी आमची बिलं दाखवली आणि म्हटलं, "काका, फळीवर तुमचाही मीटर आहे. तुमची बिलं बघू या का?" त्यांची बिलं काढली. प्रत्येक महिन्यात बरोबर ७५ युनिट. त्यांचं खरं रीडिंग फेब्रुवारीत घेतलंच नव्हतं. त्यांचा आकडा अजून साठत होता.

त्या संध्याकाळी पाचही घरं जमली. ठरलं ते साधं होतं: एक किल्ली तळमजल्याच्या आजींकडे, ज्या दिवसभर दारात बसलेल्या असतात. आणि दर महिन्याच्या २५ तारखेला मावशींची मुलगी पाचही मीटरचे फोटो काढते आणि चाळीच्या ग्रुपवर टाकते. रीडिंगवाला आला नाही, तर तोच फोटो वीज कंपनीच्या ॲपवरून पाठवायचा. ३१ डिसेंबर २०२० ला केंद्राने केलेल्या वीजग्राहक हक्क नियमांत, मीटर सलग दोनदा वाचता आला नाही तर असा फोटो पाठवण्याचा अधिकार आहे, आणि तिथेच असंही आहे की एका आर्थिक वर्षात अंदाजाची बिलं दोनपेक्षा जास्त काढायची नाहीत. काकांनी एप्रिलमध्येच आपलं बिल आमच्याच अर्जाची नक्कल करून दुरुस्त करून घेतलं.

मेसेजचाही प्रश्न निघाला. वीज कंपनीचे एसएमएस येतच असणार, मग घरात कुणालाच का कळलं नाही? नोंदवलेला मोबाइल नंबर मावशींच्या नवऱ्याचा. तो २०२१ पासून बंद. त्या दिवशी मुलाने ग्राहक क्रमांक घालून स्वतःचा नंबर नोंदवला. पाच मिनिटांचं काम होतं.

पंखा

एप्रिलमध्ये उकाड्याने वापर १२१ वर गेला. आता मावशींना शंभराची रेघ माहीत झाली होती आणि त्या बिल हातात आल्यावर आधी युनिट बघू लागल्या होत्या. आम्ही घरातला हिशेब मांडला. जुना पंखा ७५ वॅट, दिवसाला १४ तास चालतो, महिन्याला साडेएकतीस युनिट. नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा २८ वॅटचा, तेवढ्याच वेळात पावणेबारा युनिट. एका पंख्यामागे वीसेक युनिट वाचतात. १०५ चे ८५ झाले तर २०२४-२५ च्या दराने महिन्याला सुमारे १६९ रुपये, म्हणजे २,७०० चा पंखा सोळा महिन्यांत फिटतो.

पण २,७०० एकदम कोण देणार? इथेच खरी अडचण आहे. जे घर वीज वाचवून पैसे वाचवू शकतं, त्याच्याकडे वाचवण्याची वस्तू घ्यायला पैसे नसतात. वसंत विहारातल्या वहिनींनी पंखा घेऊन दिला आणि पगारातून महिना ३०० कापायचं ठरलं. फ्रीजच्या दाराचं रबर सैल झालं होतं, ते मुलाने बदललं. बाळ मे महिन्यात आलं, मुलगी आहे. पंखा आता चोवीस तास चालतो, तरीही ऑगस्टचा वापर ९४ युनिट होता.

माझ्या मते गरीब घरांना द्यायचीच असेल तर अशी मदत द्यावी: हप्त्यावर पंखा, बिलातूनच फिटणारा. २०१५ च्या उजाला योजनेत एलईडी बल्ब असेच स्वस्तात घरोघरी पोचले होते. मावशींच्या घरातले तीन बल्ब त्याच वेळचे.

एक गोष्ट या प्रकरणाबाहेरची, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मावशींचा निदान स्वतःचा मीटर आहे. त्यांच्याच गल्लीत मालकाच्या एका मीटरवर तीन भाडेकरू खोल्या चालतात. तिघांचे मिळून ३०० च्या वर जातात, आणि मालक युनिटला १५ रुपये घेतो. त्याला पूर्ण दोष देता येत नाही, वरच्या टप्प्यातलं युनिट त्यालाही महाग पडतं. तिन्ही खोल्यांचे मीटर वेगळे असते तर तिघंही शंभराच्या आसपास असते. कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे जागेचा मालकच नव्हे, तिथे राहणाराही वेगळी जोडणी मागू शकतो. मी दोघांना अर्ज भरून दिला. दोघांनीही तो अजून दिलेला नाही. मालक खोली खाली करायला सांगेल ही भीती. त्यांना धीर द्यायला माझ्याकडे शब्द आहेत, पर्यायी खोली नाही.

राहिलेलं काम

मीटर मावशींच्या नावावर करायचा आहे. मृत्यूचा दाखला आहे, खोलीचे कागद आहेत, मुलगा आणि धाकटी मुलगी संमती देताहेत. थोरली मुलगी लग्न होऊन कोयनेकडे आहे, तिची सही राहिली होती. ती गणपतीला आली तेव्हा सही झाली. अर्ज दिला आहे, पोच मावशींच्या पिशवीत पिवळ्या कार्डाच्या पाठीमागे ठेवली आहे. सप्टेंबरच्या बिलावर अजून नवऱ्याचंच नाव आहे. खालच्या फोटोत मीटर स्वच्छ दिसतो, आणि आकडा मुलीने २५ तारखेला काढलेल्या फोटोपेक्षा सहा युनिटांनी पुढे आहे, कारण रीडिंग दोन दिवसांनी घेतलं होतं.